सनद, साक्ष आणि तबरी : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

इस्लामच्या पहिल्या तीन-चार शतकांतील इतिहासकारांविषयी एक मजकूर मराठीत वरचेवर वाचायला मिळतो. शब्द बदलतात, सांगाडा तोच राहतो. त्याचा आशय थोडक्यात असा : चौदाव्या शतकात इब्न खल्दून येईपर्यंत मुस्लिम जगात चिकित्सक इतिहासलेखन नव्हतेच, प्रेषितांच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षे कोणी काही लिहिले नाही, पुढे ज्यांनी लिहिले ते सगळे एकाच साच्यातले आणि ऐकलेले तसेच उतरवून घेणारे होते, प्रत्येक गोष्टीआधी ते जी नावांची माळ लावतात ती केवळ देखावा आहे, त्यांतला सर्वांत मोठा जो तबरी, त्याने तर 'मी डोके चालवलेले नाही' असे स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि हे सगळे पडले खलिफांचे आश्रित. हा मजकूर परस्परांशी वैर असलेल्या दोन गोटांतून फिरतो, ही त्यातली गंमत आहे. एका गोटाला इस्लामचा आरंभकाळच कल्पित ठरवायचा असतो, तर दुसऱ्याला इब्न खल्दूनचे माहात्म्य वाढवायचे असते, आणि दोघांनाही त्यासाठी आधीची सहा शतके रिकामी करून हवी असतात. यातला एखादा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो कुठे खरा आहे हेही मी सांगणार आहे. पण एकत्र बांधलेले हे गाठोडे मात्र टिकत नाही.

पहिला मुद्दा दोनशे वर्षांच्या शांततेचा. प्रेषित मुहंमद यांचा मृत्यू इ.स. 632 मधला. मदिनेचा उर्वा इब्न अल-झुबैर हा इ.स. 712 च्या सुमारास वारला. खलिफा अब्द अल-मलिक याने प्रेषितांच्या काळातील घटनांविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्याने पत्रांतून उत्तरे दिली होती, आणि ती पत्रे पुढे तबरीने आपल्या ग्रंथात उद्धृत केली. उर्वाकडून ज्याने ऐकले तो अल-झुहरी इ.स. 742 मध्ये वारला, आणि झुहरीकडून ज्याने ऐकले त्या इब्न इसहाकने प्रेषितांचे पहिले मोठे सलग चरित्र सिद्ध केले; तो इ.स. 767 च्या सुमारास वारला. कूफा शहरातला अबू मिखनफ हा त्याचा समकालीन. सिफ्फीनची लढाई, करबला अशा एकेका घटनेवर तो स्वतंत्र पुस्तिका लिहीत असे. म्हणजे अंतर आहे, पण ते दोनशे वर्षांचे नाही, आणि त्या अंतरात गुरु-शिष्यांची नावानिशी ठाऊक असलेली साखळी आहे.

अर्धे खरे ते असे की इब्न इसहाकचा मूळ ग्रंथ आज आपल्या हातात नाही. इब्न हिशाम (मृत्यू इ.स. 833) याने केलेले त्याचे संपादन आपण वाचतो, आणि संपादनात काटछाट झालेली आहे. मात्र ती झाली आहे हे आपल्याला कोणी शोधून काढून सांगितलेले नाही. इब्न हिशामनेच प्रस्तावनेत यादी दिली आहे : ज्या प्रसंगांत प्रेषितांचा उल्लेख नाही ते, काव्याच्या जाणकारांपैकी कोणालाही ठाऊक नसलेल्या कविता, ज्यांची चर्चा लाजिरवाणी आहे अशा गोष्टी आणि ज्यांच्या उल्लेखाने काही लोक दुखावतील अशा गोष्टी त्याने वगळल्या. आपण काय कापले हे सांगून कापणारा संपादक बेभरवशाचा म्हणायचा की प्रामाणिक, हे ज्याने त्याने ठरवावे. बखरींच्या नकला करणाऱ्या आपल्याकडच्या लेखनिकांनी एवढी मेहरबानी केली असती तर संशोधकांचे अर्धे आयुष्य वाचले असते.

शिवाय या काळाचा पुरावा केवळ ग्रंथांवर उभा नाही. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हिजरी 22 (इ.स. 643) चा एक पपायरस आहे, इजिप्तमधल्या अरब सैन्यासाठी 65 मेंढ्या मिळाल्याची ती पावती आहे, ग्रीक आणि अरबी अशा दोन भाषांतली. सौदी अरेबियात अल-उला परिसरातल्या एका खडकावर झुहैर नावाच्या माणसाने कोरून ठेवले आहे की, उमर वारला त्या वेळी, सन चोवीस, मी हे लिहिले. ग्रंथांतल्या परंपरेनुसार खलिफा उमर याचा मृत्यू हिजरी 23 सरता सरता, 24 च्या तोंडावर झाला. इतिहासकारांना हा खडक ठाऊक नव्हता आणि झुहैरला इतिहासकार ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दोघांचे साल जुळते. एका खडकाने सगळे ग्रंथ खरे ठरत नाहीत, हे मान्य. पण कालगणनेचा सांगाडा नंतर कोणीतरी बसून रचला, असे म्हणणाऱ्याला या खडकाचे काहीतरी उत्तर द्यावे लागते.

आता दुसरा मुद्दा, की हे सगळे एकाच साच्यातले. माझ्या मते या मजकुरातली सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण ती करण्यासाठी यांतले दोन ग्रंथसुद्धा शेजारी ठेवून पाहिलेले नसावे लागतात. इब्न इसहाक कथा सांगतो. प्रसंग, संवाद, कविता यांची वीण घालतो, आणि ज्याची खात्री नाही तिथे 'लोक असे म्हणतात', 'माझ्यापर्यंत असे आले आहे' अशी पुस्ती जोडतो. त्याच्यानंतर दोन पिढ्यांनी आलेला अल-वाकिदी (इ.स. 747-823) कथेपेक्षा क्रमाकडे पाहतो. प्रेषितांच्या मोहिमांवरच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो माहिती देणाऱ्यांची नावे एकत्र देतो, यांतल्या प्रत्येकाने मला काही काही भाग सांगितला असे नमूद करतो, मग मोहिमांची तारीखवार यादी देतो आणि त्यानंतर तपशिलात शिरतो. त्याचा लेखनिक इब्न साद (मृत्यू इ.स. 845) याने तर घटना हा घटकच बदलला आणि माणूस हा घटक धरला : पिढ्यांनुसार आणि गावांनुसार लावलेली चरित्रे, ज्यांत स्त्रियांसाठी वेगळा भाग आहे. बसऱ्याचा खलीफा इब्न खय्यात (मृत्यू इ.स. 854) वर्षावर्षाने जातो आणि प्रत्येक खलिफाची कारकीर्द संपली की त्याच्या सुभेदारांच्या, न्यायाधीशांच्या याद्या देतो, जेधे शकावली ज्याने वाचली असेल त्याला ही कोरडी, पण भरवशाची जात लगेच ओळखू येईल.

अल-बलाझुरी (मृत्यू इ.स. 892) याचा जिंकलेल्या मुलखांवरचा ग्रंथ ना वर्षांवर चालतो ना माणसांवर, तो प्रदेशांवर चालतो. कोणता मुलूख लढून घेतला आणि कोणता तहाने, हा त्याचा कळीचा प्रश्न आहे, कारण जमिनीवरचा सारा त्यावर ठरत असे. म्हणूनच ग्रंथाच्या अखेरीस खराजाच्या (साऱ्याच्या) जमिनी, सैनिकांच्या नेमणुका, शिक्का, नाणी आणि लिपी यांवर प्रकरणे येतात. दफ्तरांची भाषा कधी आणि कशी बदलली हेही तो सांगतो. हा माणूस भक्तीपोटी कथा उतरवत नाही, महसुलाच्या प्रश्नाला इतिहासातून उत्तर शोधतो.

अल-याकूबीचा इतिहास इ.स. 872-73 पर्यंत येतो. त्याने नावांच्या साखळ्या जवळजवळ टाकूनच दिल्या, आधारभूत लेखकांची यादी एकदाच दिली आणि पुढे आपल्या शब्दांत सलग लिहिले. त्याच्या पहिल्या भागात भारत, ग्रीस, चीन यांच्या राजांना आणि विद्यांना जागा आहे, आणि खलिफा गादीवर बसताना ग्रह कुठे होते याचीही तो नोंद करतो. अबू हनीफा अल-दीनवरी इराणच्या बाजूने जग पाहतो. प्रेषितांच्या चरित्राला त्याच्याकडे फारशी जागाच नाही. हे सगळे जेमतेम दीडशे वर्षांच्या आतले लोक आहेत. यांना एकच साचा म्हणणे म्हणजे पोवाडा, कैफियत, करीना आणि शकावली यांना 'जुने मराठी कागद' म्हणून एका गाठोड्यात बांधण्यासारखे आहे.

तिसरा मुद्दा नावांच्या माळेचा, म्हणजे इस्नादचा. 'अमक्याने मला सांगितले, त्याला तमक्याने सांगितले' अशी ही साखळी. तिलाच अरबीत सनद असेही म्हणतात. मूळ अर्थ टेकू, आधार. आपण मराठीत वतनाची सनद म्हणतो, सनदशीर मार्ग म्हणतो, तो हाच शब्द. वतनाची सनद पुढे केली म्हणून हक्क आपोआप सिद्ध होत नसे. सनद कोणाच्या शिक्क्याची, कोणत्या सालची, हे पाहावे लागे. इस्नादचेही नेमके तसेच आहे. ती खरेपणाची हमी नसून तपासाला दिलेला रस्ता आहे, आणि हे ज्यांनी ती वापरली त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. सुफ्यान अल-थौरी या आठव्या शतकातल्या विद्वानाच्या नावावर एक वचन आहे, की सांगणारे खोटे बोलू लागले तेव्हा आम्ही त्यांच्यावर तारखा चालवल्या. म्हणजे तू ज्याच्याकडून ऐकलेस म्हणतोस, तो वारला केव्हा आणि तू जन्मलास केव्हा, एवढाच प्रश्न. इब्न सादपासून सुरू झालेला चरित्रकोशांचा अवाढव्य व्यवसाय बऱ्याच अंशी या एका प्रश्नासाठी उभा राहिला.

ही साखळी काय करते ते आपल्या दाराशी पाहता येते. बलाझुरीच्या सिंधवरच्या प्रकरणाच्या सुरुवातीला ठाण्याचा उल्लेख आहे. हिजरी 15 (इ.स. 636) मध्ये खलिफा उमरने उस्मान इब्न अबी अल-आस या थकीफ टोळीच्या सरदाराला बहरीन आणि ओमानवर नेमले, त्याने समुद्रमार्गे ठाण्यावर सैन्य पाठवले, सैन्य परत आले, आणि मग त्याने खलिफाला कळवले. उमरचे उत्तर खरमरीत आहे : अरे थकीफच्या भावा, तू किड्याला लाकडावर चढवून समुद्रात सोडलेस, ती माणसे दगावली असती तर तुझ्या जमातीतून तेवढीच वसूल केली असती. प्रसंग असा चटकदार असल्यामुळे तो आपल्याकडे पुष्कळदा उद्धृत होतो, आणि तेव्हा एक गोष्ट हटकून गाळली जाते. बलाझुरी हा मजकूर स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. सुरुवातीलाच तो सांगतो की हे अली इब्न मुहंमद, म्हणजे अल-मदाइनी याचे आहे. मदाइनी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात वारला. घटना आणि सांगणारा यांत जवळपास दोन शतके आहेत, आणि हे भोक आपल्याला दिसते ते केवळ बलाझुरीने नाव लिहून ठेवले म्हणून. ठाण्यावर स्वारी झाली असे ठामपणे सांगणारे आणि ती झालीच नाही असे ठामपणे सांगणारे, दोघांनीही त्या एका नावाकडे आधी पाहायला हवे. नाव नसते तर आपल्या हाती फक्त एक गोष्ट उरली असती.

साखळ्या बनावटही असत, यात शंका नाही. रिद्दा युद्धे (प्रेषितांच्या मृत्यूनंतर फुटलेल्या अरब टोळ्यांशी झालेली) आणि पहिल्या विजयांच्या हकिगतींसाठी तबरीने ज्याच्यावर सर्वाधिक भिस्त ठेवली, त्या सैफ इब्न उमरला हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या परंपरेचे, जाणकार दुर्बळ, टाकाऊ मानत. खुद्द वाकिदीला त्यांनी झोडपले. इब्न इसहाकला मदिनेच्या मालिक इब्न अनसने 'दज्जाल', म्हणजे महाठक म्हटले. पण हे आक्षेप आजच्या मजकूरकर्त्यांनी काढलेले नाहीत; ते त्याच काळात, त्याच शहरांत, त्याच भाषेत घेतले गेले. त्यांतला सर्वांत बोचरा मला इब्न सल्लाम अल-जुमही (मृत्यू इ.स. 846 च्या सुमारास) याचा वाटतो. इब्न इसहाकने आद आणि थमूद या केव्हाच नष्ट झालेल्या जमातींच्या नावे कविता दिल्या होत्या. काव्यातले आपल्याला कळत नाही, लोक आणून देतात ते मी घेतो, अशी त्याची सबब. यावर इब्न सल्लाम विचारतो की, कुराणात तर त्या लोकांचा निःशेष नाश झाला असे सांगितले आहे. मग हजारो वर्षे या कविता वाहून आणल्या कोणी आणि पोचवल्या कोणी, एवढे या माणसाने स्वतःला विचारू नये? साक्षीदारच उरला नाही तर साक्ष आली कुठून, हा प्रश्न ज्या परंपरेत नवव्या शतकात उघडपणे विचारला गेला, तिला 'ऐकलेले उतरवून घेणारी' म्हणणे हे वाचनाच्या अभावाचे लक्षण आहे.

चौथा मुद्दा तबरीच्या कबुलीचा, आणि हा मजकुरातला हुकमाचा एक्का असतो. अबू जाफर मुहंमद इब्न जरीर अल-तबरी इ.स. 839 मध्ये कास्पियन समुद्राजवळच्या तबरिस्तानातील आमुल गावी जन्मला आणि इ.स. 923 मध्ये बगदादला वारला. त्याचा प्रेषितांचा आणि राजांचा इतिहास सृष्टीच्या आरंभापासून इ.स. 915 पर्यंत येतो. इंग्रजी भाषांतर सूचीसह चाळीस खंडांचे झाले. त्याच्या प्रस्तावनेत तो म्हणतो, की या ग्रंथातील मजकुरासाठी मी ज्यांची नावे देतो त्यांच्या निवेदनांवर विसंबलो आहे, बुद्धीने काढलेल्या अनुमानांवर नव्हे, अगदी थोडे अपवाद सोडून. तेव्हा वाचकाला एखादी गोष्ट न पटणारी वाटली तर ती आमच्याकडून आलेली नाही, सांगणाऱ्यांकडून आली आहे, आम्ही जशी मिळाली तशी पोचवली. एवढे वाक्य उचलायचे आणि 'पाहा, त्याने डोके चालवले नाही' म्हणायचे, हे सोपे आहे.

पण त्या वाक्याआडून तो काय करतो ते पाहावे. यर्मूकची लढाई घ्या, ज्या लढाईने सीरिया रोमन साम्राज्याच्या हातून गेला. सैफच्या कथनात ती हिजरी 13 मध्ये होते. लढाई चालू असतानाच मदिनेहून जासूद येतो, खलिफा अबू बक्र वारल्याची आणि सेनापती खालिदला दूर केल्याची बातमी आणतो. नाट्य म्हणून हे उत्तम आहे. इब्न इसहाक आणि वाकिदी यांच्या मते मात्र लढाई हिजरी 15 च्या रजब महिन्यात, म्हणजे इ.स. 636 च्या ऑगस्टमध्ये झाली, अबू बक्रच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ही दोन्ही निवेदने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, आणि तबरी ती दोन्ही देतो, प्रत्येकावर ज्याचे त्याचे नाव टाकून. आजचे बहुतेक अभ्यासक 636 हेच साल धरतात. तबरीने सैफची रंगतदार कथा निवडून दुसरी टाकून दिली असती, किंवा दोन्हींचे मिश्रण करून एक गुळगुळीत हकिगत बनवली असती, तर ही निवड करण्याचा अधिकारच आपल्या हातून गेला असता. तीन शतकांनी इब्न अल-अथीरने (इ.स. 1160-1233) नेमके तसे केले : तबरीतले वेगवेगळे पाठ घेऊन त्यांतला भरगच्च तो पायाला धरला, बाकीच्यांतले तुकडे त्यात बसवले आणि साखळ्या काढून टाकल्या. वाचायला इब्न अल-अथीर अधिक सुखाचा आहे यात वाद नाही. तपासायला मात्र तबरीकडेच परत यावे लागते.

आणि तबरी तटस्थ पोस्टमन होता, हेही खरे नाही. उलट बाजूने त्याचे भक्त जेव्हा तसे म्हणतात तेव्हा तेही चुकतात. कोणाला बोलू द्यायचे, किती वेळ, कोणाच्या आधी, हे तोच ठरवतो. प्रेषितांवर विश्वास ठेवणारा पहिला पुरुष कोण, अली, अबू बक्र की झैद इब्न हारिसा, या स्फोटक प्रश्नावर तो तिन्ही बाजूंची निवेदने ओळीने मांडतो. खलिफा उस्मानच्या हत्येच्या कारणांपाशी मात्र तो थांबतो आणि म्हणतो की बरीच कारणे मी सांगितली, काही गाळावी लागली. मुआविया (पुढे उमय्या घराण्याचा पहिला खलिफा) आणि अबू बक्रचा मुलगा मुहंमद इब्न अबी बक्र यांच्यातला पत्रव्यवहार त्याने दिला नाही, कारण सामान्य लोकांना तो ऐकवणार नाही असे त्यानेच म्हटले आहे. माझ्या दृष्टीने तबरीवरचा खरा आक्षेप हा आहे, की त्याने विचार केला, काही ठिकाणी जरा जास्तच केला, आणि त्याचे निष्कर्ष वाचकाला सांगायचे टाळले.

'सगळे ऐकीव, पाहिले कोणी काही नाही' हा पाचवा मुद्दा. वाकिदीबद्दल एक आठवण जुन्या ग्रंथांत टिकून आहे. कोणीतरी त्याला मक्केत पाण्याची कातडी पिशवी घेऊन निघालेला पाहिले आणि कुठे चाललास म्हणून विचारले. हुनैनला, लढाईची जागा पाहायला, असे त्याने उत्तर दिले. लढाईत पडलेल्या माणसाचा कोणी वंशज भेटला की तो आधी विचारी, तुमचा माणूस पडला कुठे, आणि मग त्या जागी स्वतः जाऊन पाही, असे त्याचे स्वतःचे सांगणेही नोंदलेले आहे. ज्याला हदीसवाल्यांनी बेभरवशाचा ठरवले, तोच जमिनीवर जाऊन पाहणारा निघावा, हे मला विचार करायला लावणारे वाटते. दोन शास्त्रांची विश्वासार्हतेची कसोटीच वेगळी होती.

अल-मसऊदी (मृत्यू इ.स. 956) तर आपल्या कोकणात येऊन गेला. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 मध्ये, आपण सैमूरला होतो असे तो सांगतो. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातले चौल. हा मुलूख बल्हरा राजाचा, म्हणजे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा. तिथल्या मांडलिकाचे नाव तो 'जंज' असे देतो, ज्याला अभ्यासक शिलाहार झंझ मानतात. आणि त्या बंदरात सिराफ (इराणच्या आखातावरचे बंदर), ओमान, बसरा, बगदादकडचे आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे तो लिहितो. दहा हजार हा आकडा मोजलेला नाही, अंदाजाचा आहे, हे उघड आहे. पण बंदरात उभे राहून केलेला अंदाज आणि बगदादेत बसून केलेला अंदाज यांत फरक असतो, आणि तो फरक मसऊदीला स्वतःला फार महत्त्वाचा वाटे.

किती महत्त्वाचा, ते गेंड्याच्या प्रकरणावरून कळते. अल-जाहिझ हा नवव्या शतकातला अरबी गद्याचा सम्राट. त्याच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात अशी कथा आहे की गेंड्याचे पिल्लू सात वर्षे आईच्या पोटात राहते, मधून मधून डोके बाहेर काढून चरते आणि पुन्हा आत जाते. मसऊदीने ही कथा वाचली आणि ती उतरवून न घेता चौकशी सुरू केली. त्या मुलखात जाणारे सिराफचे आणि ओमानचे लोक, हिंदुस्थानात भेटलेले व्यापारी, जो भेटेल त्याला त्याने विचारले. ऐकणारा प्रत्येक जण चकित झाला आणि म्हणाला की गेंड्याची मादी गाईम्हशींसारखीच विते. जाहिझला हे कुठून मिळाले, पुस्तकातून की कोणा सांगणाऱ्याकडून, मला कळत नाही, असे म्हणून मसऊदी विषय मिटवतो. दुसऱ्या एका जागी तो एवढा सौम्य राहत नाही. सिंधू नदीत मगरी आहेत, नाईलमध्येही मगरी आहेत, म्हणून सिंधू नाईलमधून निघते, असे जाहिझचे अनुमान होते. त्यावर मसऊदीचा शेरा असा की हा माणूस समुद्रावर गेला नाही, फार फिरला नाही, रात्रीच्या अंधारात लाकडे गोळा करणाऱ्यासारखा पुस्तकविक्यांच्या बाडांतून हाताला लागेल ते उचलत राहिला. पुढे अल-बेरुनीने इ.स. 1030 च्या सुमारास हिंदुस्थानावरचा ग्रंथ लिहिताना ऐकणे हे पाहण्याच्या तोडीचे नाही, असाच प्रारंभ केला आणि माणसे खोटे का सांगतात याची वर्गवारी केली : कोणी स्वतःच्या फायद्यासाठी, कोणी आपल्या लोकांच्या प्रेमापोटी किंवा परक्यांच्या द्वेषापोटी, कोणी स्वभावाच्या हीनपणामुळे, कोणी अज्ञानाने दुसऱ्यांची री ओढत. त्याने त्यासाठी संस्कृत शिकून घेतले, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते.

दरबारी भाटगिरीच्या मुद्द्यावर फार शाई खर्च करण्याची गरज नाही. बलाझुरी खलिफा मुतवक्किलच्या बैठकीतला होता, हे खरे. पण तबरी वडिलांच्या तबरिस्तानातल्या मिळकतीच्या उत्पन्नावर जगला. इ.स. 861 मध्ये मुतवक्किलला त्याच्याच तुर्की शरीररक्षकांनी कसे मारले, आणि त्यात त्याच्या मुलाचा हात कसा होता, हे सगळे त्याने लिहिले. बसऱ्याजवळच्या दलदलीत काम करणाऱ्या झंज गुलामांनी चौदा वर्षे अब्बासी सत्तेला कसे जेरीस आणले, हेही लिहिले. भाट असे लिहीत नाहीत.

राहिला शेवटचा मुद्दा, की चिकित्सा इब्न खल्दूनपासून (इ.स. 1332-1406) सुरू झाली. खतीब अल-बगदादी (इ.स. 1002-1071) हा बगदादचा चरित्रकार. हिजरी 447 मध्ये, म्हणजे इ.स. 1055 च्या सुमारास, खैबर या अरबस्तानातल्या वस्तीच्या ज्यूंना जिझियातून सूट देणारे प्रेषितांचे म्हणून एक पत्र वजीर इब्न अल-मुस्लिमा याच्यापुढे आले. खाली साक्षीदारांच्या सह्या होत्या. वजिराने ते खतीबला दाखवले. त्याने पाहिले आणि बनावट म्हणून परत केले. कशावरून, असे विचारल्यावर त्याने दोन साक्षीदारांवर बोट ठेवले. मुआवियाची साक्ष आहे. पण तो मक्का जिंकली त्या साली, म्हणजे हिजरी 8 मध्ये मुसलमान झाला, आणि खैबर पडले हिजरी 7 मध्ये. साद इब्न मुआझची साक्ष आहे. पण तो हिजरी 5 मध्येच वारला होता. बनावट वतनपत्रे उघडी पाडताना आपले संशोधक हेच हत्यार वापरत आले आहेत, आणि ते इब्न खल्दूनच्या जन्मापूर्वी पावणेतीनशे वर्षे बगदादेत परजलेले होते. त्याच शतकाच्या आरंभी मिस्कवयने (इ.स. 932-1030) आपल्या इतिहासातून प्रेषितांचे चमत्कार मुद्दाम वगळले, कारण चमत्कारापासून माणसाला स्वतःच्या कारभारात उपयोगी पडेल असा अनुभव मिळत नाही, माणसाने माणूस म्हणून केलेल्या योजनांपासूनच तो मिळतो, असे त्याचे म्हणणे.

इब्न खल्दूनचे श्रेय यामुळे घटत नाही. सांगणारा विश्वासू आहे का, हे पाहण्याआधी सांगितलेली गोष्ट मानवी समाजात घडू शकते का, हे पाहा, असे त्याने इ.स. 1377 मधल्या 'मुकद्दमा'त, म्हणजे आपल्या इतिहासाच्या प्रस्तावना-ग्रंथात, ज्या शिस्तीने मांडले तसे त्याच्या आधी कोणी मांडले नव्हते. मूसाच्या (मोझेसच्या) सैन्यात सहा लाखांहून जास्त लढवय्ये होते, या मसऊदीने दिलेल्या आकड्याची त्याने जी चिरफाड केली, ती आजही वाचनीय आहे. मात्र ज्यांना तो नाकारतो म्हणून सांगितले जाते, त्यांची नावे त्यानेच बोटांवर मोजण्याजोग्या नामवंत इतिहासकारांत घेतली आहेत : इब्न इसहाक, तबरी, वाकिदी, सैफ, मसऊदी; त्यांपैकी वाकिदी आणि मसऊदी यांच्या लेखनात आक्षेपार्ह जागा आहेत असा इशारा देऊन. आणि प्रत्यक्ष इतिहास लिहायला बसल्यावर, अली आणि आयेशा यांच्या बाजूंमध्ये झालेल्या उंटाच्या लढाईचे वर्णन संपवताना, तो वाचकाला सांगतो की हे सारे मी अबू जाफर अल-तबरीच्या ग्रंथातून संक्षेपाने घेतले आहे, कारण तो विश्वसनीय आहे आणि इतरांच्या पुस्तकांत आढळणाऱ्या पक्षपातापासून मुक्त आहे.